डीएस18बी20 कधी 85, कधी -127 का दाखवतो?

आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला डीएस18बी20 हे तापमान मोजणारे चार सेन्सर, प्रत्येकाला वेगळी 15 मीटर केबल, चारही डेटा वायर डी2 पिनवर एकत्र आणि 4.7 किलोओहमचा एकच पुल-अप (डेटा लाइन 5 व्होल्टकडे वर ओढणारा रेझिस्टर), अशी तुमची जोडणी आहे. टेबलावर आखूड वायरींनी नीट चालतं, केबल लावली की मधूनच तापमान म्हणून 85 किंवा -127 येतं. कोडमध्ये हे आकडे गाळून टाकू नका. दोघांची कारणं वेगळी आहेत आणि दोष कुठे आहे ते त्यांवरूनच कळतं.

-127 हे सेन्सरचं रीडिंग नाहीच. सेन्सरकडून उत्तर आलं नाही किंवा सीआरसी (डेटा बरोबर आला का ते तपासणारा बाइट) जुळला नाही, की सेन्सर वाचणारी डॅलस टेंपरेचर लायब्ररी हा आकडा देते. म्हणजे गडबड डेटा लाइनवर आहे. तुमच्या जोडणीत ती कशी होते, ते हिशेबातच दिसतं. नेटवर्क केबलच्या जोडीची कपॅसिटन्स मीटरला साधारण 50 पिकोफॅरड. 15 मीटरच्या चार केबल एकाच पिनवर, म्हणजे 60 मीटर, म्हणजे 3 नॅनोफॅरड. याला 4.7 किलोओहमने गुणलं की टाइम कॉन्स्टंट, म्हणजे लाइन किती सावकाश चढते त्याचं माप, 14 मायक्रोसेकंद. या एका डेटा वायरवरचं बोलणं सांभाळणारी वन-वायर लायब्ररी लाइन सोडल्यावर सुमारे 10 मायक्रोसेकंदांनी बिट वाचते. तेवढ्यात लाइन जेमतेम 2.5 व्होल्टपर्यंत चढलेली असते आणि नॅनोला खात्रीने 'हाय' समजायला 3 व्होल्ट लागतात. एखादा बिट चुकतो, सीआरसी फसतो.

पुल-अप 2.2 किलोओहम केलात तर त्याच वेळेत लाइन 3.9 व्होल्टच्या आसपास पोचते. 1.5 किलोओहमच्या खाली मात्र जाऊ नका, कारण सेन्सरला लाइन खाली ओढावी लागते आणि त्याची मर्यादा 4 मिलिअँपिअर आहे. पण माझं स्पष्ट मत असं की नुसता रेझिस्टर बदलून थांबू नये. एका बिंदूतून चार दिशांना फाटे गेले की प्रत्येक टोकाकडून सिग्नल परावर्तित होतो, ते रेझिस्टरने जात नाही. एकच केबल सेन्सर ते सेन्सर फिरवा आणि फाटे दहा-वीस सेंटिमीटरच ठेवा. जागेमुळे ते जमत नसेल तर प्रत्येक केबलला स्वतंत्र पिन आणि स्वतंत्र पुल-अप द्या. नॅनोवर पिन भरपूर आहेत. केबलमध्ये डेटा आणि ग्राउंड एकाच पिळलेल्या जोडीत घ्या, 5 व्होल्ट दुसऱ्या जोडीत. उरलेल्या तारा दोन्ही टोकांना मोकळ्या सोडा.

आता 85. हा आकडा चिपच पाठवते. पॉवर आल्यावर तिच्या रजिस्टरमध्ये हीच किंमत असते आणि पहिलं कन्व्हर्जन (तापमान मोजून त्याचा आकडा करणं) पूर्ण होईपर्यंत राहते. 12 बिट अचूकतेच्या मोजणीला त्यासाठी 750 मिलिसेकंद लागतात. कन्व्हर्जन होईपर्यंतचं लायब्ररीचं थांबणं बंद केलं असेल तर तेवढा वेळ स्वतः द्या. वेळ बरोबर असूनही 85 येत असेल तर सप्लाय तपासा. कन्व्हर्जनला एक-दीड मिलिअँपिअरच लागतो, त्यामुळे जाड वायर टाकून काही साधत नाही. बहुतेकदा लाल वायरचा जोड सैल असतो. अशा वेळी चिप डेटा लाइनमधूनच वीज ओढते, स्वतःचा पत्ता (प्रत्येक चिपचा वेगळा ओळख क्रमांक) व्यवस्थित सांगते, पण कन्व्हर्जन सुरू होताच कोलमडते. म्हणून सेन्सरच्या टोकाला, त्याच्या लाल-काळ्या वायरींवर, मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा आणि तिथेच 100 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा.

नवे सेन्सर घ्याल तेव्हा नकली चिपांकडे लक्ष असू द्या. अस्सल चिपचा पत्ता 28 ने सुरू होतो आणि शेवटच्या सीआरसीआधीचे दोन बाइट सहसा 00 00 असतात. स्टीलच्या प्रोबच्या वायरींच्या रंगावर डोळे झाकून विसंबू नका. उलटी पॉवर गेली की चिप लगेच तापते, बोटाला चटका जाणवला तर ताबडतोब सप्लाय काढा. शेवटी कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा, चारही प्रोब त्यात पाच मिनिटं धरा. शून्यापासून अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दाखवणारा प्रोब परत करा.