कोट्यवधी डॉलर मिळूनही बेसबॉलचे खेळाडू संप का करतात? तिथले चाहते कोणाच्या बाजूचे असतात?

तुम्ही विचारलं आहे की बेसबॉलच्या खेळाडूंना एवढा पैसा मिळत असताना ते संप कशाला करतात, तिथल्या प्रेक्षकांना राग येत नाही का, आणि २०२७ च्या उन्हाळ्यात तुम्ही लेकाकडे पेनसिल्व्हेनियात येणार आहात तर एखादा सामना बघायला मिळेल का. मी २००९ पासून पिट्सबर्गमध्ये राहते आणि इथल्या पायरेट्स संघाचे सामने नेमाने बघते. सामन्याचं शेवटी सांगते, कारण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

राग येतो, आणि बहुतेक वेळा तो खेळाडूंवर निघतो. खेळाडूचा पगार सगळ्यांना पाठ असतो. हुआन सोटोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सबरोबर १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, त्याच्या आदल्या वर्षी शोहेई ओहतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबर १० वर्षांचा ७० कोटींचा केला. हे आकडे शाळकरी पोरंही सांगतील. मालकाने किती कमावले ते मात्र कोणी सांगू शकत नाही. ३० संघांपैकी अटलांटा ब्रेव्ह्जसारख्या, शेअर बाजारात असलेल्या एखाद्याचे हिशेब वाचता येतात. बाकी बहुतेकांच्या चोपड्या बंद. मग ऑफिसातून दमून घरी आलेला माणूस आपल्या पगाराची तुलना सोटोच्या पगाराशी करतो. सोटोच्या पगाराची तुलना मालकाच्या कमाईशी करायची सोयच त्याला ठेवलेली नाही.

दुसरं, संप आणि टाळेबंदी यांत फरक आहे, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगायची गरज नसावी. १९९५ नंतर बेसबॉलच्या खेळाडूंनी एकदाही संप केलेला नाही. २ डिसेंबर २०२१ ला जे सुरू झालं आणि ९९ दिवस चाललं, ती मालकांनी केलेली टाळेबंदी होती. तरी माझ्या ऑफिसात तेव्हा सगळे म्हणत होते, "पुन्हा संपावर गेले." कुलूप कोणी लावलं हे विचारायच्या आधीच दोष कोणाचा ते ठरलेलं होतं.

मला हे एवढं का टोचतं तेही सांगते. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजपर्यंत कोणी जाहीर केलेलं नाही. आईने वर्षभर खानावळीच्या पोळ्या लाटल्या. दुकानात, ट्रेनमध्ये लोक म्हणायचे, "बरा पगार होता, कशाला मस्ती आली?" तेच वाक्य मला इथे बेसबॉलपटूंबद्दल ऐकू येतं. गिरणी कामगार आणि सोटो एकाच मापाने मोजायचे नाहीत हे मला कळतं. सोटोच्या घरी कोणी पोळ्या लाटायला बसणार नाही. पण बाहेरून बघणाऱ्याचा प्रश्न तोच असतो: किती मिळतं? भांडण मात्र मुळात वेगळ्याच गोष्टीचं असतं.

ते कशाचं, हे कळायला कर्ट फ्लडची गोष्ट माहीत हवी.

१८७९ पासून बेसबॉलच्या करारात एक कलम शिरलं. हळूहळू त्याचा अर्थ असा झाला की खेळाडूने एकदा सही केली की करार संपला तरी तो त्याच क्लबचा. क्लबने त्याला ठेवावं, विकावं, दुसऱ्याच्या बदल्यात देऊन टाकावं, त्याला विचारायचं कारण नाही. १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेसबॉल म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे असं ठरवलं, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदाही मालकांना लागू होईना. फ्लड सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर होता. १२ सीझन तिथे खेळला, उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह लागोपाठ सात वर्षं घेतला. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळवण्यात आलं की तू आता फिलाडेल्फियाचा. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं: माझ्या मनाविरुद्ध विकत घ्यावी आणि विकावी अशी मी मालमत्ता नाही, आणि इतर क्लबांचे प्रस्ताव ऐकायचा मला हक्क आहे.

फ्लडचा पगार होता वर्षाला ९० हजार डॉलर, त्या काळी भरपूर. लोक त्याला हेच सुनवायचे. त्यावर तो म्हणाला होता, पगार चांगला असला तरी गुलाम गुलामच राहतो. कृष्णवर्णीय माणसाने १९७० मध्ये अमेरिकन टीव्हीवर हे म्हणणं सोपं नव्हतं. त्याला शिव्यांची पत्रं यायची. खटल्यात जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग हे निवृत्त खेळाडू साक्षीला उभे राहिले, पण त्या वेळी मैदानात असलेला एकही खेळाडू आला नाही. सगळ्यांना पोटाची भीती. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५-३ ने हरला. कारकीर्द गेली ती गेलीच.

पण खेळाडूंची युनियन उभी राहिली होती. तिचा प्रमुख मार्विन मिलर खेळातला नव्हताच, तो पोलाद कामगारांच्या युनियनमधला अर्थतज्ज्ञ. त्या युनियनचं मुख्यालय इथे पिट्सबर्गलाच आहे. १९६६ मध्ये तो आला तेव्हा खेळाडूंचा किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता. त्याने आधी किमान पगार वाढवून घेतला, मग तक्रारींसाठी तटस्थ लवाद मिळवला. २३ डिसेंबर १९७५ ला पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला: करार संपल्यावर एक वर्ष खेळून झालं की खेळाडू मोकळा. मालकांनी साइट्झला तात्काळ काढून टाकलं, पण निकाल टिकला. आज सोटोला जे ७६ कोटी मिळतात त्याचं मूळ इथे आहे.

आता चाहत्यांकडे येते. पायरेट्सच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण संघाचा जुना महान खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते याचा नंबर २१ होता. त्या भिंतीजवळच्या सीटवर माझ्या शेजारी बरीच वर्षं एक आजोबा बसत. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. मांडीवर स्कोअरकार्ड, कानावर पेन्सिल, प्रत्येक चेंडूची नोंद. मला बेसबॉल त्यांनीच शिकवलं. जन्मभर युनियनचं कार्ड खिशात बाळगलेला माणूस, स्वतः संपात उभा राहिलेला, पण १९९४ चा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. त्या वर्षी मालकांना संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा घालायची होती. खेळाडू १२ ऑगस्टला संपावर गेले, आणि १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, रद्द झाली. दोन महायुद्धांत जी थांबली नव्हती ती. टोनी ग्विन या खेळाडूची फलंदाजीची सरासरी .३९४ होती, .४०० हा दुर्मीळ टप्पा गाठायच्या बेतात. मॉन्ट्रियल एक्स्पोज ७४ विजयांसह सगळ्यांच्या पुढे होते. ते सगळं तिथेच तुटलं. पुढच्या वसंतात मॉन्ट्रियलने आपले चांगले खेळाडू देऊन टाकले, आणि दहा वर्षांनी तो संघच वॉशिंग्टनला गेला.

आजोबांना मी एकदा विचारलं, तुम्ही स्वतः युनियनवाले, मग खेळाडूंवर राग का? ते म्हणाले, आम्ही संपावर गेलो तेव्हा कोणी म्हातारी बाई रेडिओ लावून आमची वाट बघत बसली नव्हती. माझी आई बसली होती. ती पुढचा सीझन बघायला राहिली नाही.

यावर मी काय बोलणार? हा राग पैशाचा नाहीच. हा वाट बघणाऱ्या माणसाचा राग आहे. एप्रिल १९९५ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला, तोही सोनिया सोटोमायोर या न्यायाधीशांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिल्यावर. त्या वर्षी मैदानावरची गर्दी सुमारे २० टक्क्यांनी घटली. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये तिघे जण 'ग्रीड' (हाव) लिहिलेले टी-शर्ट घालून मैदानात घुसले आणि त्यांनी खेळाडूंच्या पायाशी एकेक डॉलरच्या नोटा उधळल्या. मालक काचेआड बसलेले असतात, नोटा फेकायला समोर सापडतो तो खेळाडू.

आजचे तरुण चाहते वेगळे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. ते रागवत नाहीत, हिशेब करतात. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सीझनचे पहिले काही दिवस मुद्दाम खालच्या लीगमध्ये ठेवलं. १७ एप्रिलला वर आणलं. आता सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू मोकळा होतो, आणि सेवेचं एक वर्ष मोजायला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. एका दिवसामुळे तो एक वर्ष उशिरा मोकळा झाला. तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. आपल्याकडे २४० दिवस भरायच्या आत कामगाराला 'ब्रेक' देतात, ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पण कितीतरी चाहते तेव्हा म्हणत होते, क्लबने शहाणपणा केला, एक वर्ष स्वस्तात मिळालं. अरे, तुमच्या खिशात त्यातलं काय आलं? तिकीट स्वस्त झालं का?

आमच्याकडे पॉल स्कीन्स आहे. २०२५ मध्ये त्याला साय यंग पुरस्कार मिळाला, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा). त्या वर्षी त्याचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर, वर नव्या खेळाडूंसाठीच्या बोनस-निधीतून सुमारे ३४ लाख. सोटोची वर्षाची सरासरी ५ कोटी १० लाख. स्कीन्स सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत, म्हणजे २०२९ चा सीझन संपेपर्यंत, बाजारात उतरू शकत नाही. सध्याच्या व्यवस्थेत ऐन उमेदीची वर्षं अशी जातात, आणि अनेकांची कारकीर्द सहा वर्षं पुरतही नाही. पगारवाढीचा सगळा गाजावाजा सोटोचा होतो, पण करारात भांडण असतं ते या पहिल्या सहा वर्षांचं. २०२२ च्या करारात किमान पगार ७ लाख झाला, २०२६ साठी ७ लाख ८० हजार ठरला, आणि तो बोनस-निधीही तेव्हाच आला. टाळेबंदी सोसून मिळवलेल्या गोष्टी आहेत या.

पिट्सबर्गमधले बहुतेक चाहते तरीही म्हणतात की पगारावर मर्यादा हवी, आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला ठरावीक रकमेची पर्स असते तशी. अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगमध्ये अशी मर्यादा नसलेली ही एकच. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ चं विजेतेपद पटकावल्यावर ही मागणी वाढली, आणि १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या शहराला तसं वाटलं तर मी दोष देणार नाही. पण वरची मर्यादा मागणाऱ्यांनी खालचीही मागावी, म्हणजे संघाने निदान एवढा खर्च करायलाच हवा अशी, आणि हिशेब उघडे करायला सांगावं. पीएनसी पार्क मुख्यतः जनतेच्या पैशातून बांधलं गेलं. त्यासाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव १९९७ मध्ये मतदारांनी नाकारला, तरी दुसऱ्या वाटेने सार्वजनिक पैसा आलाच. म्हणजे चाहता नुसता तिकीट काढणारा नाही, त्याने जागाही बांधून दिली आहे. २०२५ मध्ये इथल्या स्टँडमधून "संघ विका" अशा घोषणा सामन्यामागून सामना होत होत्या. निदान या एका शहरात राग योग्य दारावर जाऊ लागलाय असं मला तेव्हा वाटलं.

आता तुमचा सामना. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराच्या मर्यादेवर दोन्ही बाजू अडून बसल्या आहेत, त्यामुळे टाळेबंदी होईल असं मी धरून चालले आहे. ती हिवाळ्यात मिटली तर सीझन वेळेवर सुरू होईल. मेजर लीगची, म्हणजे या सर्वांत वरच्या लीगची, तिकिटं आत्ता काढू नका.

पण अल्टूना नावाचं गाव आहे, पिट्सबर्गच्या पूर्वेला गाडीने दोनेक तासांवर. तिथे पायरेट्सचा डबल-ए दर्जाचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ आहे, अल्टूना कर्व्ह. मायनर लीगची, म्हणजे या खालच्या लीगची, पोरं म्हणजे आमच्या गिरणीतले बदली कामगार. रोज गेटवर हजर राहायचं आणि वरून नाव पुकारलं जायची वाट बघायची. (२००८ मध्ये पायरेट्सनी भाला फेकणाऱ्या दोन भारतीय मुलांना, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना, घेतलं ते या खालच्या लीगसाठीच.) मायनर लीगची पोरं २०२२ मध्ये युनियनमध्ये आली, आणि ट्रिपल-ए चा (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीचा) किमान पगार वर्षाला १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला. त्यांचा करार वेगळा आहे, २०२७ पर्यंतचा, म्हणून वर टाळेबंदी झाली तरी त्यांचे सामने होतील. पहिल्या बेसच्या बाजूला, वरच्या रांगेत बसा. उजवीकडच्या कुंपणामागे एक रोलर कोस्टर आहे. जाताना कागद-पेन्सिल न्या. स्कोअरकार्ड कसं भरायचं ते इथे खाली विचारलंत तर मी सविस्तर लिहीन.