महामार्गाच्या धुरामुळे चिपळूणजवळच्या खाडीतल्या माशांत पारा येतो का?

येतो तो नगण्य. माशांतल्या पाऱ्याला वाहनांचा धूर हे मुख्य कारण नाही. रिफायनरीतून आलेल्या डिझेल-पेट्रोलमध्ये पारा साधारण अब्जात एखादा भाग किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे लिटरमागे फार तर मायक्रोग्रॅमभर. दगडी कोळशात तो किलोला 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास, शंभरेक पट जास्त. शिवाय धुरातला पारा बहुतेक वाफेच्या रूपात बाहेर पडतो, काजळीला फारसा चिकटत नाही. ती वाफ महिनोन्‌महिने हवेत राहून दूरवर पसरते, त्यामुळे खाडीत दूरवरूनही पारा येतो. खरा धोका पुढे आहे. कांदळवनाच्या प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात आणि तो लहान माशातून मोठ्या माशात साचत जातो. म्हणून मुशी आणि मोठी सुरमई कमी खावी, गरोदर बायकांनी व लहान मुलांनी तर विशेष. तारली, बांगडा, मांदेली चालतील. पारा मांसातच बसलेला असतो, धुऊन, तळून किंवा कोकम-आगळ लावून जात नाही. मात्र रस्ता निर्दोष नाही: पहिल्या पावसात टायरचं जस्त, ब्रेकचं तांबं आणि तेलकट काजळी वाहून थेट खाडीत उतरते.