पहिल्या वाढदिवसाला बाळांना हाताने खाता येईल असं काय ठेवावं?

सोपी कसोटी: पदार्थ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबला की कुस्करला गेला पाहिजे. वाफवलेलं गाजर, रताळं, फ्लॉवरचे तुरे, पिकलेलं केळं, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, मऊ ऑम्लेटच्या पट्ट्या, हे सगळं चालतं. साधारण वर्षाच्या बाळाला चिमटीत उचलता येतं, त्यामुळे छोटे तुकडेही जमतात.

खरी काळजी आकाराची. द्राक्षं आणि चेरी टोमॅटो उभे चिरून चार भाग करा. अख्खे गोल घशात अगदी बुचासारखे बसतात. पॉपकॉर्न, अख्खे दाणे, कच्चं गाजर, कडक गोळ्या मुलांच्या टेबलावर नकोतच. मोठी भावंडं प्रेमाने भरवायला येतात, तेव्हा त्यांच्या ताटलीकडेही लक्ष असू द्या. पाहुण्यांमध्ये वर्षाखालची बाळं असतील तर मध घातलेलं काही नको, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. अंडं, दूध, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, ते आईवडिलांना आधीच विचारा.

खाताना बाळ ताठ बसलेलं हवं, रांगत रांगत खाणं नको. आणि फार बनवू नका, अर्धं जमिनीवरच जातं. स्वतःच्या बाळाला नवा पदार्थ त्या गडबडीत पहिल्यांदा देऊ नका.