पेशीची वाढ, गाठीचा वेग : वाचकांचे प्रश्न

कॅन्सरच्या एकेका पेशीचं वजन करता येतं अशी बातमी मोबाइलवर फिरल्यापासून सगळ्या पत्रांत तोच घोळ आहे, म्हणून एकत्र उत्तरं.

प्रश्न : एका पेशीचं वजन खरंच करता येतं? (हिंगणघाट)

येतं. अमेरिकेत एमआयटीमधल्या स्कॉट मनालिस यांच्या गटाने थरथरणारी अतिसूक्ष्म नळी बनवली आहे. आतून पेशी गेली की थरथर किंचित मंदावते, त्यावरून वजन कळतं. तीच पेशी पुन्हा पुन्हा फिरवली की वाढ कळते. हे काम प्रयोगशाळेतलं; जिल्हा रुग्णालयात मागू नका.

प्रश्न : कॅन्सरची पेशी सगळ्यात वेगाने वाढते ना? (वणी)

नाही. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं इथल्या निरोगी पेशी कित्येक गाठींपेक्षा भराभर विभागतात. केमो म्हणजे कॅन्सरची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, केस गळतात ते त्यामुळेच. कॅन्सरची पेशी थांबायचं विसरते, खरी अडचण ती.

प्रश्न : बाबा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात. गालात दोन महिन्यांपासून पांढरा चट्टा, आता जखम. दुखत नाही. तपासायला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. कापूस घरी आल्यावर दाखवू? (आर्वी)

नाही, याच आठवड्यात दाखवा! तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही की तपासायचीच. दुखत नाही याचा दिलासा मानू नका, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. एक पेशी ३० वेळा दुप्पट झाली की सुमारे १०० कोटी पेशी होतात, म्हणजे साधारण १ सेंटीमीटरची गाठ. आणखी १० दुपटींत ती किलोभर होईल. म्हणजे डोळ्यांना दिसते तेव्हा बरीच मजल मारून झालेली असते, आणि तुम्ही वेचणी संपायची वाट बघता! तुकडा काढल्याने पसरतो, हे पारावरचं बोलणं. ज्यांचे दाखले देतात ती माणसं मुळात उशिरा पोचलेली असतात. तुकडा तपासल्याशिवाय पक्कं निदान नाही. बाबांची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील तर डॉक्टरांना तेही सांगा. खर्रा आजच बंद. सेवाग्रामच्या रुग्णालयात जाताना रेशनकार्ड, आधार सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, तिथेच विचारा.

प्रश्न : रिपोर्टात केआय-६७ : ४० टक्के. म्हणजे ४० टक्के कॅन्सर? (पुसद)

नाही. मोजलेल्या गाठीच्या पेशींपैकी शंभरात चाळीस विभाजनाच्या चक्रात होत्या, एवढंच. अर्थ कॅन्सरच्या प्रकारावर ठरतो. पूर्ण रिपोर्ट कॅन्सरतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : शिबिरात एका रक्ततपासणीत सगळे कॅन्सर कळतात म्हणून पॅकेज विकतात. घ्यावं? (मूल)

घेऊ नका. त्या रक्ततपासणीतले आकडे कॅन्सर नसतानाही वाढतात, असताना नॉर्मलही येतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.