गूढ शब्दकोडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वर्तमानपत्रातले साधे शब्दकोडे अनेक वर्षे नियमाने सोडवते. आपल्या गेल्या अंकातील गूढ शब्दकोड्यात मात्र पहिल्याच शोधसूत्रावर अडले. ‘बारमध्ये जा, भाजी मिळेल तेथे (३)’ याचे उत्तर ‘बाजार’ का, हे उत्तर पाहूनही उमगले नाही. या कोड्यांना हात कोठून घालावा?
– एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : साध्या कोड्यात उत्तराचा अर्थ दिलेला असतो आणि आपण प्रतिशब्द आठवायचा असतो. गूढ कोड्यात तेच उत्तर एका वाक्यात दोनदा दिलेले असते : वाक्याच्या एका टोकाला त्याचा अर्थ असतो आणि उरलेल्या भागात ते उत्तर अक्षर अक्षर जोडून कसे बनवायचे याची कृती असते. आपण अडलात त्या सूत्रात ‘भाजी मिळेल तेथे’ हा अर्थ आहे आणि ‘बारमध्ये जा’ ही कृती आहे. ‘बार’ या शब्दाच्या मध्ये ‘जा’ हे अक्षर ठेवले की बा-जा-र तयार होते. वाक्य वाचताना मद्यालय डोळ्यांसमोर येते, आणि ते यावे अशीच रचनाकाराची इच्छा असते. म्हणून सोडवताना पहिली गोष्ट करायची ती ही, की वाक्यातून उभे राहणारे चित्र बाजूला सारायचे आणि प्रत्येक शब्दाकडे सुटे पाहायचे.

मग दोन्ही टोके तपासावीत. अर्थ सुरुवातीला तरी असतो किंवा शेवटी तरी. मधोमध कधीच नसतो. एका टोकाचा अर्थ धरून पाहावा आणि उरलेल्या भागात एखादी खूण सापडते का ते शोधावे. ‘मध्ये’, ‘पोटात’, ‘आत’ असे शब्द दिसले तर काहीतरी कशात तरी घालायचे असते किंवा दडलेले असते. ‘कसा खरपूस! पोटात कारखान्याचा गोड माल (३)’ या सूत्रात पहिल्या दोन शब्दांची अक्षरे सलग लिहिली, तर क-सा-ख-र-पू-स यांच्या पोटात ‘साखर’ अक्षरशः लिहिलेली आहे. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते उत्तर इतके समोर असूनही अनेकांच्या नजरेतून निसटले, याचे कारण सर्वांनी खरपूस या शब्दाचा अर्थ शोधला आणि त्याची अक्षरे कोणी पाहिली नाहीत. ‘उलटणे’, ‘फिरणे’ या क्रियापदांनी अक्षरांचा क्रम उलटा होतो : ‘वेल उलटली की ठेका (२)’ म्हणजे ‘लता’ उलटून ‘ताल’. हाच शब्द उभा असेल तर रचनाकार ‘खालून वर’ असेही सुचवू शकतो. ‘खवळलेला’, ‘विस्कटलेला’, ‘गोंधळलेला’ अशी विशेषणे अक्षरांची सरमिसळ सांगतात. ‘खवळलेली मगर तापलेली (३)’ याचे उत्तर ‘गरम’ आहे.

सरमिसळीचा हा प्रकार इंग्रजीत फार चालतो, पण मराठीत तो जपूनच वापरावा लागतो. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर मात्रेसह बसते, काना किंवा वेलांटी अक्षराला सोडून दुसरीकडे जात नाही आणि जोडाक्षरही एकाच घरात राहते. त्यामुळे ज्यांची सरमिसळ होऊन नवा शब्द निघेल असे शब्द कमी सापडतात. त्याची भरपाई श्लेषाने होते आणि मला स्वतःला मराठी गूढ कोड्याचे खरे वैभव तेथेच दिसते. ‘पंचगंगेचे रुंद असते, नाटकातले रंगते (२)’ या सूत्रात कृती नाही, खूण नाही. दोन अर्थ शेजारी ठेवलेले आहेत आणि ‘पात्र’ हा शब्द दोन्हींना पुरा पडतो. खूण नसल्यामुळे असे सूत्र नवख्याला सर्वांत अवघड जाते, तेव्हा ते छेदणाऱ्या शब्दांची अक्षरे मिळेपर्यंत ठेवून द्यावे.

एक आडवा पासून सुरुवात केलीच पाहिजे असे काही नाही. जेथे खूण स्पष्ट दिसते तेथून आरंभ करावा. छेदाचे अक्षर मात्रेसह मिळत असल्यामुळे ‘ळा’ किंवा ‘घे’ अशा एकाच घराने अर्धे काम होते. आणि शब्दाच्या पहिल्याच घरात ‘ळ’ किंवा ‘ण’ येऊ लागला, तर मराठी शब्द या अक्षरांनी सुरू होत नसल्याने आपला छेदणारा शब्द चुकला आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : ‘गरिबाला लगाम, कोल्हापूरकर संध्याकाळी फिरतात तेथे (३)’ याचे उत्तर आपण ‘रंकाळा’ दिले आहे. रंक आणि आळा यांची अक्षरे मिळून चार होतात, घरे मात्र तीन आहेत. ही रचनाकाराने घेतलेली सवलत नव्हे काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली मोजणी बरोबर आहे, तरीही सूत्र न्याय्य आहे असे मी म्हणेन. ‘रंक’मधील शेवटच्या ‘क’ला ‘आळा’मधील ‘आ’ येऊन मिळतो आणि ‘का’ होतो. देव आणि आलय यांचे देवालय होते तसेच हे आहे. कंसातील आकडा जोडणीनंतरच्या घरांचा असतो, त्यामुळे सोडवणाऱ्याला अक्षर कमी झाल्याचा इशाराही मिळालेला असतो.

या बाबतीत आपल्याकडे फार जुना आधार आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, 16 प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिलाच, ‘समागता’ नावाचा, शब्दांच्या संधीमुळे अर्थ झाकला जाणारा आहे. त्यानंतर येणारी ‘वंचिता’ म्हणजे रूढ अर्थाने चकवा देणारी. आपले ‘पात्र’ तिच्याच जवळचे. चौकटींचे कोडे आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रथम छापले आणि त्याला गूढ वळण पुढे इंग्लंडमध्ये मिळाले, हे खरेच आहे. परंतु मराठीत सूत्रे रचताना इंग्रजीचे नियम जसेच्या तसे आणण्याऐवजी आपल्या लिपीला आणि संधीला जे सहज मानवते त्यावर नियम ठरवावेत, असे माझे ठाम मत आहे. त्याच न्यायाने जोडाक्षर फोडणे मात्र मला अमान्य आहे. पन्हाळ्यातील ‘न्हा’ फोडून ‘न’ एका शब्दाला आणि ‘हा’ दुसऱ्याला देणाऱ्या सूत्राला मी या पानावर जागा देणार नाही.

प्रश्न : ‘शिक्षकाचा तडाखा, नृसिंहवाडीला गर्दीचा दिवस (४)’ यात ‘गुरू’ दीर्घ आणि ‘गुरुवार’ ऱ्हस्व, हे कसे चालते?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : प्रमाणलेखनाच्या नियमानुसार सुटा ‘गुरू’ दीर्घान्त लिहितात आणि सामासिक शब्दात तोच ऱ्हस्व होतो, म्हणून येथे चालते. घरात अंतिम शब्दाचे लेखन भरावे, म्हणजे ‘रु’. आणि छेदणाऱ्या शब्दातही ‘रु’च हवा. काही कोडीकार छेदावर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून देतात. तसे करायचे असेल तर ते कोड्याच्या माथ्यावर छापावे.

प्रश्न : मीही एक सूत्र रचले आहे : ‘हात आणि वीर (४)’, उत्तर ‘करवीर’. ते आपण छापाल का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली फोड उत्तम आहे. कर म्हणजे हात, त्यापुढे वीर, आणि तयार होते ते आपल्या शहराचे जुने नाव. मात्र यात दोन उणिवा आहेत. ‘वीर’ हा उत्तराचा अर्धा भाग सूत्रात उघडाच राहिला आहे, आणि अर्थ तर कोठेच दिलेला नाही. केवळ कृती दिल्यामुळे सोडवणाऱ्याला आपले उत्तर पडताळता येत नाही. ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी 1949 साली घालून दिलेला दंडक मी प्रत्येक सूत्राला लावून पाहतो : वाक्याचा वरवरचा अर्थ रचनाकाराच्या मनात नसला तरी चालेल, पण मनात जे आहे ते वाक्यात अचूक उतरलेच पाहिजे. त्याप्रमाणे आपले सूत्र असे करता येईल : ‘योद्ध्याने हात पुढे करताच दक्षिण काशी (४)’. योद्धा म्हणजे वीर, त्याच्या पुढे कर, आणि शेवटी शहराची ओळख. करवीर म्हणजे कण्हेरही, त्यामुळे ‘दक्षिण काशीचे फूलझाड’ असे निव्वळ श्लेषाचे सूत्रही आपल्याला रचता येईल. दोहोंपैकी कोणते छापावे ते कळवावे. पुढील अंकात ते घेऊ.