धावपट्टीवर चुकून विमान शिरू नये म्हणून विमान कंपन्या काय करतात? कॉकपिटमध्ये त्यासाठी काही यंत्रणा असते, की हा शेवटी वैमानिकाच्या निष्काळजीपणाचाच प्रश्न आहे?

यंत्रणा असते, तिच्याबद्दल पुढे लिहितो. पण आपल्या प्रश्नातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मला काही वर्षांपूर्वी एका चौकशीत ऐकवला गेला होता, त्यामुळे आधी ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी तेव्हा एअरबस ए-३२० विमानावर सहवैमानिक होतो. जुलैतली रात्र होती, नुकताच पाऊस पडून गेला होता आणि ओल्या डांबरावर दिव्यांचे प्रतिबिंब इतके पसरले होते की रंगवलेल्या रेघा नीट दिसेनात. टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून विमान धावपट्टीकडे नेणे, सुरू झाल्यावर वाऱ्याची दिशा पालटली आणि आम्हाला दुसरी धावपट्टी देण्यात आली. तिच्याकडे जाताना पहिली धावपट्टी ओलांडावी लागणार होती, आणि तिच्या अलीकडे थांबण्याची स्पष्ट सूचना होती. ती मी शब्दशः परत वाचून दाखवली. धावपट्टी बदलली की वेगांचे आकडे, फ्लॅप म्हणजे पंखांच्या झडपांची स्थिती, उड्डाणानंतरचा मार्ग हे सारे संगणकात नव्याने भरावे लागते. विमान थांबवू या का, असे मी विचारले. कॅप्टन म्हणाले, ‘मागे रांग लागली आहे, तू भर, मी बाहेर बघतो.’ ते बाहेर बघतही होते, पण डावीकडच्या वळणाची पाटी शोधत होते.

आकडे भरून मी मान वर केली तेव्हा धावपट्टी जवळ आल्याची खूण असलेले दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे आळीपाळीने लुकलुकत होते, आणि थांब्याच्या चार पिवळ्या रेघांपैकी आमच्या बाजूच्या दोन अखंड रेघा नाकाखाली नाहीशा झाल्या होत्या. अशा वेळी ‘स्टॉप’ ही ठरलेली हाक द्यायची असते. माझ्या तोंडून निघाले, ‘सर, थांबा!’ कॅप्टन साताऱ्याचे होते म्हणून निभावले. त्या काळी आमच्याकडे परदेशी कॅप्टनही पुष्कळ असत. उतरायला आलेल्या विमानाला टॉवरने पुन्हा वर जायला सांगितले आणि त्याचे दिवे आमच्यासमोरून चढत ढगात शिरले.

चौकशीत ठपका माझ्यावर आला: सहवैमानिकाचे बाहेर लक्ष नव्हते. उपाय म्हणून ‘वैमानिकांनी अधिक दक्षता बाळगावी’ असे एका ओळीचे परिपत्रक निघाले. माझे तेव्हाही म्हणणे होते आणि आजही आहे की दक्षता ही कार्यपद्धती नव्हे. चाके फिरत असताना संगणकात काहीही भरायचे नाही, धावपट्टी बदलली की पार्किंग ब्रेक लावायचा, दोघांनी नकाशावर नवा मार्ग बोटाने दाखवायचा आणि मगच निघायचे, ही कार्यपद्धती. त्यात दोन-तीन मिनिटे जातात. मागच्या रांगेचा खोळंबा होतो, तो होऊ द्यावा.

प्रशिक्षणाबाबत तर मला राग आहे. सिम्युलेटरचा तास महाग असतो, म्हणून सराव बहुतेक वेळा धावपट्टीच्या टोकाशी विमान उभे करूनच सुरू होतो. इंजिन बंद पडण्याचा सराव मी असंख्य वेळा केला आहे, पण अंधारात, पावसात, बदललेल्या मार्गाने टॅक्सी करण्याचा सराव मला कोणी दिला नव्हता. ‘स्टॉप’ ही हाक ऐन वेळी आठवली नाही, त्याचे कारण तेच.

शब्दांची शिस्त पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य करतो. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जम्बो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे गेली, त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला. पण रीडबॅक, म्हणजे सूचना परत वाचून दाखवणे, बरोबर आले म्हणजे विमान बरोबर जागी थांबेलच असे नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाच्या विमानाने सी-५ या थांब्यापर्यंत जाण्याची सूचना बिनचूक परत वाचली होती. तरीही ते धावपट्टीवर शिरले आणि उतरणारे ए-३५० प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. मोठ्या विमानातले ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही.

आता यंत्रांविषयी. धावपट्टी जवळ आली की तिचा क्रमांक मोठ्याने उच्चारणारी हनीवेलची ‘रास’ ही यंत्रणा मला आवडते, कारण ती ऐकायला मान खाली घालावी लागत नाही. मात्र ती जीपीएस आणि साठवलेल्या माहितीवर चालते, म्हणजे आपण कुठे आहोत एवढेच तिला ठाऊक असते. धावपट्टीवर दुसरे कोणी आहे का, हे ती सांगत नाही. इतर विमाने आपली जागा सतत कळवत असतात ते एडीएस-बी संदेश वाचून कॉकपिटमध्येच इशारा देणाऱ्या यंत्रणा आता येत आहेत, आणि त्यांच्यावर खर्च व्हायला हवा. टॅब्लेटवरचा हलता नकाशा उपयोगी आहे, पण त्यात डोके घालून बसणारे सहवैमानिक मी पाहिले आहेत, आणि त्यांना पाहून मला ती रात्र आठवते.

हे सर्व मी ए-३२० च्या अनुभवावरून लिहिले आहे. इतर कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात. आमच्या त्या विमानतळावर लाल स्टॉप बार, म्हणजे थांब्यावरची लाल दिव्यांची आडवी रांग, तेव्हा फक्त कमी दृश्यतेत लावत असत, ते त्या रात्री पेटलेले असते तर कदाचित ही गोष्टच घडली नसती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आणि शंका आली की थांबा, हा माझा आग्रह धावपट्टीच्या अलीकडे असेपर्यंतच लागू आहे. चुकून धावपट्टीवर शिरलात तर तिथे ब्रेक लावून नकाशा उघडू नका. टॉवरला ताबडतोब सांगा आणि मिळेल त्या मार्गाने बाहेर पडा.