दरवेळी माझ्याच वाट्याला हे का?

"मॅडम, माणसं बदलतात, जागा बदलतात, शेवट मात्र तोच होतो. माझ्याच नशिबात हे का?"

हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी आजवर किती जणांकडून ऐकला, त्याची गणती नाही. कुणाची तिसरी नोकरी पहिल्या दोन नोकऱ्यांच्याच कारणाने सुटलेली असते. कुणी पुन्हा तशाच, ऐनवेळी पाठ फिरवणाऱ्या माणसात जीव गुंतवलेला असतो. पत्रिका दाखवून, ग्रहशांत करून झालेली असते. मी "गटात या", म्हणजे गटोपचाराला, इतर काही जणांसोबत बसून बोलायला या, म्हटलं की चेहरा उतरतो. "चार लोकांत घरचं कसं बोलायचं? त्यापेक्षा तुम्हीच ऐका ना."

त्यांच्यासाठी ही वसुधाताईंची गोष्ट. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

वय 43, पतसंस्थेत नोकरी. कुणाकडे आजारपण असो नाहीतर बारसं, वसुधाताई पदर खोचून हजर. काही वर्षं सगळं गोडीगुलाबीचं. मग एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून त्या ते नातंच तोडून टाकायच्या. सख्ख्या बहिणीशी अबोला, दोन जिवलग मैत्रिणी दुरावलेल्या, चौदा वर्षांची भिशी सोडलेली.

आम्ही दोघी सहा वेळा बसलो. प्रत्येक हकिगतीत समोरचा कृतघ्न आणि वसुधाताई दुखावलेल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांना जे दिसत नव्हतं, ते त्या मला सांगणार तरी कशा? असं वळण सांगून कळत नाही, ते घडताना पाहावं लागतं. म्हणून गट.

आठ माणसं, आठवड्यातून एकदा दीड तास, एकूण वीस आठवडे. नियम मोजके. इथलं बोलणं इथेच राहील. आपापसांत उसनवारी नाही. आणि गट सोडायचा असेल तर तसं सांगून पुढे निदान तीन वेळा यायचं. हा शेवटचा नियम लोकांना जाचक वाटतो. माझ्या मते गटाचा प्राण त्यातच आहे.

दुसऱ्याच आठवड्यात वसुधाताई थर्मास भरून चहा घेऊन आल्या. तिसऱ्या आठवड्यात मी पोचायच्या आत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. एकदा त्यांना रडू फुटलं, तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका पाण्याचा ग्लास घेऊन उठले. "नको नको, तुम्ही बसा," म्हणत ताईंनी डोळे पुसले आणि काकांच्याच गुडघेदुखीची चौकशी सुरू केली.

आठव्या आठवड्यात गटातला सर्वांत लहान मुलगा सहज म्हणाला, "मला चहा नको, मी सोडलाय." ताई गप्प झाल्या. शेवटची पाच मिनिटं उरली असताना म्हणाल्या, "मी पुढच्या वेळेपासून येणार नाही."

तीन वेळा यायचं होतं, म्हणून त्या आल्या. थर्मास नव्हता.

"इथेही तेच झालं," त्या म्हणाल्या. "मी एवढं करते, पण कुणाला किंमत नाही."

काका म्हणाले, "ताई, चहा झकास असतो तुमचा. पण त्या दिवशी मी पाणी द्यायला उठलो, तर तुम्ही मला बसवलंत. मला वाईट वाटलं होतं."

शाळेत शिकवणारी एक तरुण बाई चाचरत म्हणाली, "मला तुमच्यासमोर सारखं देणं लागल्यासारखं वाटतं. आणि ते फेडायला तुम्ही जागाच ठेवत नाही."

खोलीत बराच वेळ शांतता होती. ती शांतता मी मोडली नाही, याचं मला आजही समाधान आहे. त्या शांततेतच मला माझंही काहीतरी उमगलं. इतके आठवडे मी तो चहा पीत होते, मांडलेल्या खुर्चीवर बसत होते, आणि मलाही ते सोयीचं होतं. मी ते गटासमोर बोलून दाखवलं. ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. ताई, आपण काही केलं नाही तर आपल्याला इथे जागा नाही, असं पहिल्यांदा कधी वाटलं?"

उत्तर सावकाश आलं. आई दवाखान्यात, घरात पाहुण्यांची रीघ, आणि नऊ वर्षांची वसुधा स्टुलावर उभी राहून चहा करतेय. आत्या कौतुकाने म्हणाली होती, "या पोरीचा काही म्हणता काही त्रास नाही." त्रास नाही, तोवरच आपण लाडके, हे त्या पोरीने मनाशी बांधलं आणि चौतीस वर्षं पाळलं.

कॅलिफोर्नियात 1950च्या दशकात गट घेणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांच्या विचारांचं बोट धरून मी हे काम शिकले. मूल लहानपणीच आपल्या आयुष्याच्या नाटकाची संहिता लिहून ठेवतं आणि मोठेपणी त्याबरहुकूम वागतं, असं ते मांडत. अमेरिकी दुकानं तेव्हा खरेदीवर कुपनं देत. लोक ती साठवत आणि पुस्तिका भरली की वस्तू घेत. माणसं रागही तसाच साठवतात, असं बर्न म्हणत. मी आपल्या भाषेत उधारीची वही म्हणते. ताई न मागता सेवा करायच्या, परतफेड नाकारायच्या आणि मनात थकबाकी मांडत राहायच्या. वही भरली की नातं खलास.

नशिबाला दोष देण्याआधी तुम्हीही ही वही उघडून पाहा. शेवटच्या तीन ताटातुटी आठवा. समोरच्याने काय केलं ते बाजूला ठेवा. आपण कुठे गप्प बसलो, काय मागितलं नाही, कुठली मदत परतवली, एवढंच लिहा. तिन्ही पानांवर तेच वाक्य आलं तर गटाचा जरूर विचार करा. चार लोकांची भीती मला समजते, पण वळण चार लोकांतच पडलेलं असतं, ते सुटतंही तिथेच. मात्र जीव नकोसा झाला असेल, व्यसन हाताबाहेर गेलं असेल, भास होत असतील, तर गट नंतर. आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, मोफत क्रमांकावर बोलता येतं.

त्या दिवशी मी ताईंना एकच काम दिलं. गटातल्या कुणाकडे तरी काहीतरी मागायचं. त्यांनी पदराचं टोक पिळलं, दोनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी चहा तुम्ही आणाल?"

काकांनी आणला. ताईंनी पहिला घोट घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "काका, साखर फार झालीय."

"बरं, पुढच्या वेळी कमी घालतो."

पुढे दहा आठवडे त्या येत राहिल्या.